मोहाखालचा काळा गोल

जंगल कोण जाळतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि ज्यानं सांगितलं, त्यानं जळालेलं एक तरी पान कधी हातात घेऊन पाहिलं होतं का?

मी पाहिलं होतं. अगदी दोन बोटांच्या अंतरावरून पाहिलं होतं. तरी माझं चुकलं. म्हणून तर हे लिहिते आहे.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा सायकलच्या कॅरियरला खळीचा डबा बांधून देवरी तालुक्यातली गावं पालथी घालायचे. वनहक्काची पत्रकं, मजुरीची, दारूबंदीची. उरलेली घरी यायची आणि फळीवर अंथरली जायची, नाहीतर माझ्या गणिताला लागायची, कारण मागची बाजू कोरी असे. ‘आंबा’ वाचता येण्याआधी मला ‘निषेध’ वाचता येत होतं. पत्रकाची रीत मला पाठ झाली होती. वर मोठा मथळा, मध्ये अन्याय, खाली मागण्या, शेवटी ‘हजारोंच्या संख्येनं या’. जगातली कुठलीही गोष्ट एका कागदावर मावते, फक्त मथळा ठणठणीत पाहिजे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

फोटोंचं वेड गोंदियात शिकायला गेल्यावर लागलं. बाजारातल्या एका घड्याळजीकडे डोळ्याला लावायचं काळं भिंग होतं. मी ते मागितलं तेव्हा त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

“बिटिया, इससे घड़ी के पुर्जे देखते हैं. तुम क्या देखोगी?”

“कीड़े, चाचा.”

“तो खरीदती क्यों हो? मेरी दुकान में बहुत हैं, मुफ्त में देख लो.”

तरी दिलं त्यानं. ते भिंग रबरानं फोनच्या कॅमेऱ्यावर बसवलं की पानाची शीर पाण्याच्या पाटाएवढी दिसते. अडचण एवढीच की वस्तू दोन बोटांवर असावी लागते. अंतर केसभर हललं तरी सगळं धूसर होतं. म्हणून श्वास धरायचा, कोपर मातीत रोवायचे आणि पोटावर पडून राहायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुट्टीत गावी आले की मी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीमागे अशीच पडलेली असे. येणारी-जाणारी माणसं थांबायची.

“काऊन वो, काही हरपलं का तुयं?”

“नाही काका, फोटो काढून राहिली.”

“कायचा?”

“पानाचा.”

“अख्खं जंगल उभं हाय, अन् ही खालचं पान पाहून रायली! शिकून शिकून पोरगी जमिनीवर आली गा.”

हसू देत. मला तिथं जे दिसत होतं ते त्यांनाही दाखवायची माझी तयारी होती, पण उकिडवं बसायला कुणाला वेळ नव्हता. करंजाच्या पानात एक अळी पानाच्या दोन कातड्यांमधून वाट पोखरत जाते. वाट सुरुवातीला दोऱ्याएवढी असते आणि पुढे रुंद होत जाते, कारण चालता चालता अळी वाढत असते. टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, कोवळ्या पानावर फोड आलेले असतात, आणि तो फोड नखानं उघडला तर आत पिवळसर, मिठाच्या खड्याएवढा जीव बसलेला असतो. एक किडा अंडी घालतो ती पानावर चिकटवत नाही. आधी केसासारखा बारीक देठ उभा करतो आणि त्याच्या टोकावर एक अंडं ठेवतो. टाचण्या उलट्या रोवल्यासारखी ती रांग दिसते. आणि माझी सगळ्यात लाडकी ती काटक्यांची अळी. ही स्वतःच्या मापाच्या काटक्या तोडून, अंगाभोवती चिकटवून घर करते आणि ते घर ओढत हिंडते. धोका दिसला की तोंड आत. मला त्यांची शास्त्रीय नावं येत नाहीत. गावात सगळ्यांना एकच नाव आहे, किडा.

हे सगळं जिथं सापडतं, त्या पाचोळ्याला आमच्याकडे दर वर्षी आग लावतात.

का लावतात, ते आधी ऐका. आमच्या गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली आहेत. कागद कुठलाच नाही, पण कुठलं झाड कुणाचं हे कुणीही सांगेल. उन्हाळा लागताना मोहाची सगळी पानं गळतात, आणि मग पहाटेपासून फुलं पडू लागतात. फूल फिकट, बोटाच्या पेराएवढं. खाली घोट्याएवढा सुकलेला पाला. त्या पाल्यात पडलेलं फूल शोधायचं म्हणजे तांदळातले खडे अंधारात निवडायचे. म्हणून हंगामाआधी प्रत्येकजण आपल्या झाडाखालची जागा जाळून साफ करतो. काळ्या जमिनीवर फूल लगेच दिसतं.

आमच्या घराशेजारी मोठी माय राहते, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेल्यापासून ती एकटीच झाडाखाली जाते. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलाय, पण तिच्यासारखी आग लावणारी बाई मी पाहिली नाही. आधी झाडाभोवती दोन हात रुंद पट्टा नखासारखा स्वच्छ खरवडायचा. वारा पडायची वाट पाहायची. मग आतून पेटवायचं आणि हातात पळसाची हिरवी फांदी घेऊन भोवती फिरत राहायचं. आग ताटासारखी गोल विझते. तिची आग कधीच सुटली नाही, असं मी म्हणणार नाही. एका वर्षी वावटळ आली आणि नाल्यापर्यंत गेली. ते तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना खाली पाहत होती.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी मी तिच्याविरुद्ध पत्रक काढलं. गंमत नाही. खरंच काढलं, चार फोटो आणि मथळ्यासकट, ‘आगीत कोण मरतं?’ ते तिला ओसरीवर वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे तुये किडे फुलं वेचतीन का?”

“नाही.”

“मंग मले कायले सांगते वो बाई? मले दिसत नाइ. पाल्यात पडलं तं दगड का फूल, समजत नाइ. जागा काली असली तं कसं तरी भेटते.”

“मी झाडून देते. रोज संध्याकाळी. खराट्यानं.”

ती हसली. “तू? तू तं एका पानापाशी दोन तास बसते.” मग म्हणाली, “बरं. यंदाचा हंगाम तुया. पन फूल पडाच्या आंधी जागा साफ पायजे. नाइ तं मी इस्तो लावतो.”

पहिले आठ दिवस मी झाडलं. कुणी झाडलं असेल तर त्याला कळेल की आग लावणं आळस नाही, हिशेब आहे. मोठ्या मोहाखालची जागा अंगणाएवढी नसते, चार अंगणांएवढी असते. आज झाडली की उद्या बाजूच्या झाडांचा पाला वाऱ्यानं पुन्हा येतो. तळहाताला फोड आले. पण मोठी माय पहाटे टोपलं घेऊन गेली आणि भरून आणलं. टोपलं खाली ठेवताना म्हणाली, “जमते तुले.” एवढंच. मला सगळ्या मागण्या मान्य झाल्यासारखं वाटलं.

नवव्या दिवशी टेंभराच्या झुडपावर ती देठावरची अंडी फुटत होती. एकेका अंड्यातून अळी बाहेर येऊन स्वतःच्याच रिकाम्या टरफलाला लटकत होती. मी पोटावर पडले ती सूर्य बुडेपर्यंत उठलेच नाही. झाडायचं राहिलं. उद्या झाडू, म्हटलं. त्या संध्याकाळी वारा सुटला आणि सगळा पाला झाडाखाली येऊन बसला. पहाटे मोठी माय गेली, ओणवी होऊन चाचपडत राहिली आणि अर्धं टोपलं घेऊन आली. मला हाक मारली नाही. दुपारी मी खराटा घेऊन पोचले तेव्हा जमीन काळी होती, धूर अजून बसायचा होता, आणि ती पळसाची फांदी टेकून उभी होती.

“मी म्हनलं होतं,” ती म्हणाली.

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तिचा आला. काळ्या गोलाच्या काठावर एक पान पडलं होतं, अर्धं जळालेलं. उरलेल्या अर्ध्यावर काटक्यांची अळी होती. तिच्या घराची एक बाजू करपली होती आणि दुसऱ्या बाजूनं ती तोंड बाहेर काढून पाहत होती. मी श्वास धरला आणि फोटो काढला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. काळी कड, तपकिरी शिरा, ते इवलं चकचकीत डोकं. तालुक्यातल्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर मी तो टाकला. गावाचं नाव लिहिलं, वार लिहिला, ‘आमच्याच घरच्या मोहाखाली’ असंही लिहिलं. आणि सवयीप्रमाणे मथळा दिला: ‘आपलं जंगल आपणच जाळतो!’

संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे गेला. माझी छाती फुगली होती, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी नाल्यापलीकडची टेकडी पेटली. दिवसभर धुमसत होती. चौथ्या दिवशी सकाळी वनखात्याचा बीटगार्ड मोठ्या मायच्या अंगणात उभा होता. तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातला, नोकरीला नवा. त्यानं खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. माझा फोटो होता.

“मावशी, हे तुमचंच झाड ना? तुमच्याच पोरीनं टाकलंय. उद्या वननाक्यावर या जबाबाला.”

“जबाब कायचा गा?”

“टेकडीचा. गुन्हा दाखल होईल. आणि झाडाखाली जायला बंदी. यंदाच नाही, पुढेपण.”

मोठ्या मायनं फोन हातात घेतला, डोळ्यांशी नेला, लांब धरला. तिला काहीच दिसत नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाली, “काय लिवलं वो याच्यात?”

मी वाचून दाखवलं. मथळ्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा मला मोठ्या अक्षरांची लाज वाटली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “आपन म्हंजे कोन? मीच नं?”

त्याच दुपारी मी भिंग घेऊन निघाले. तिच्या काळ्या गोलापासून जळालेल्या टेकडीपर्यंत पायी चालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मधली सगळी जमीन दिसते. ती जळालेली नव्हती. गोलाभोवतीचा खरवडलेला पट्टा शाबूत होता. त्यापुढे पाला, नाला, पुन्हा पाला. दर दहा पावलांवर मी पोटावर पडले आणि जे जिवंत सापडलं त्याचा फोटो काढला. देठावरची अंडी. दोन पानं शिवून आत बसलेला कोळी. काटक्यांची घरं, एक, मग तीन, मग मोजणं सोडलं. टेकडी कुणी पेटवली ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. पण आग कुठून आली नाही, ते मला पान न् पान माहीत होतं.

नाक्यावरच्या साहेबांनी माझे फोटो बोटानं सरकवत पाहिले. माणूस वाईट नव्हता. वरून त्यालाही फोन येत होते.

“छान आहेत,” ते म्हणाले. “पण यात जागा कुठे दिसते? पान आहे, किडा आहे. हे कुठलंही जंगल असू शकतं.”

खरं होतं. मी इतक्या जवळ गेले होते की गाव, नाला, टेकडी, सगळं चौकटीबाहेर राहिलं होतं. मग माझ्या तोंडून निघालं, “साहेब, ग्रुपवरच्या त्या फोटोत तरी जागा कुठे दिसत होती? तोही एका पानाचाच होता. त्याच्यावर तुम्ही विश्वास कसा ठेवला?”

बीटगार्ड छताकडे पाहू लागला. साहेब म्हणाले, “त्याच्याखाली तू स्वतः लिहिलं होतंस.”

“ते चुकीचं लिहिलं होतं. एका बाईच्या चार अंगणांएवढ्या जागेला मी जंगल म्हटलं. माझी चूक झाली. ती माझ्या नावावर लिहा, तिच्या नको.”

तेव्हा इतका वेळ बाकावर बसलेली मोठी माय गुडघे धरून उठली.

“साहेब, फोटोत कायले पाहता? जमीन तेथीच हाय. चला नं पायी. मी म्हातारी चालतो, तुमाले का झालं?”

साहेब आले नाहीत, पण सकाळी बीटगार्डला पाठवतो म्हणाले. म्हणजे तोवर ती जमीन तशीच राहायला हवी होती. गाई-शेळ्या त्याच वाटेनं पाला तुडवत जातात. गावातल्या बायकांना सांगायला मला पत्रक लागलं नाही. मोठी माय दारोदार गेली आणि एवढंच म्हणाली की तिकडून ढोरं नेऊ नका. उजाडलं तेव्हा सात-आठ बायका आपापलं मोहफूल अर्धवट सोडून त्या न जळालेल्या जमिनीच्या दोन्ही कडांना टोपली घेऊन बसल्या होत्या. एका गुराख्याला तर अशा शिव्या बसल्या की त्याची गुरं त्याच्याआधी परत फिरली.

बीटगार्ड आला. मी त्याला भिंग दिलं.

“हे घालू कुठे?”

“डोळ्यात धरा. आणि बसा खाली.”

“गणवेश खराब होईल.”

“आमचेबी लुगडे खराबच हायेत गा,” एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तो गुडघ्यावर बसला. मग कोपरावर आला. मी टेंभराचं पान धरून ठेवलं होतं. त्यानं भिंग पानाशी नेलं.

“अंडी आहेत?”

“हो.”

“हा देठ एवढा बारीक?”

“साहेब, इथून आग गेली असती तर तो उरला असता का?”

मग टेकडीपर्यंत तो स्वतःच वाकून पाहत गेला, आणि परत येऊन पंचनाम्यात जे लिहिलं ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं: ‘सदर मोहवृक्षापासून टेकडीपावेतो पालापाचोळा न जळालेल्या स्थितीत आढळून आला.’ या वाक्याला मथळा नव्हता. मी वाचलेलं सगळ्यात सुंदर पत्रक ते होतं.

टेकडीचा गुन्हा मोठ्या मायवर लागला नाही. पण गोष्ट संपली नाही. आठवड्यानं तिच्यापुढे दुसरा कागद आला, हमीपत्र. यापुढे झाडाखाली आग लावणार नाही, लावल्यास कारवाईस पात्र राहीन, खाली अंगठा. बीटगार्डनं शाईची डबी उघडली. मोठ्या मायनं हात पदरात घेतला.

“इस्तो नाइ लावनार, हे लिवलं. बरं केलं. त्याच्या खाली लिवा, जागा झाडाले मानसं कोन देनार.”

“मावशी, तसा रकाना नाही.”

“मंग अंगठा बी नाइ.”

त्या कागदावर अजून अंगठा नाही. साहेबांनी निरोप पाठवलाय की पुढच्या हंगामात मोहाखाली काळा गोल दिसला, तर ते किडे बघायला कुणाला पाठवणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. चूक एवढीच आहे की जंगल वाचवायचं सगळं काम त्यांनी एका मोतीबिंदू झालेल्या बाईच्या दोन गुडघ्यांवर टाकलंय, आणि तिनं नाही म्हटलं की गुन्हेगारही तीच.

ग्रुपवर मी नंतर दुसरा फोटो टाकला. देठावरची अंडी, आणि खाली एक ओळ: हे पान जळालेलं नाही. तो कुणी पुढे पाठवला नाही. पहिला मात्र अजून फिरतो. परवा माझ्याच फोनवर परत आला, अनोळखी माणसाकडून, ‘आदिवासी जंगल कसं जाळतात पाहा’ असा नवा मथळा लावून.

तो तुमच्यापर्यंतही आला असेल, किंवा त्याच्यासारखा एखादा येईल. पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला विचारा, हे कुठलं झाड, कुणाचं, आणि त्याखाली झाडायला कोण जातं? आणि जमलं तर याहून अवघड काम करा. हजारोंच्या संख्येनं नको. मोहाची पानं गळून संपतात आणि फुलं अजून पडायची असतात, त्या आठवड्यात तुमच्या जवळच्या कुठल्याही मोहाच्या गावात एक संध्याकाळ जा. जिचं झाड आहे तिला आधी विचारा. पाला झाडून बाजूला सारा, हळू, कारण त्यात घरं आहेत. फोटो नंतर काढा. जाताना खराटा न्या.